दुसऱ्याच्या हातचं

बायनाक्का खोतांच्या संडासात आरोग्य केंद्रानं बसवलेलं यंत्र खोटारडं आहे, याबद्दल बायनाक्कांच्या मनात तिळाएवढीही शंका नव्हती.

"मला माणसं कमी पडतात म्हणे," त्या डॉक्टर नसीमला म्हणाल्या. "मला! मिरजेत दवाखान्याला आलेलं निम्मं कर्नाटक आणि निम्मं कोकण जिच्या पानावर जेवून गेलं, तिला? तुझ्या त्या चोंबडीला म्हणावं, आधी माझी चार ठिकाणी चौकशी करून ये आणि मग तोंड उघड."

यंत्राचं कागदावरचं नाव 'सूक्ष्मसंगत' होतं. संध्यातारा संकुलात साठीपुढच्या प्रत्येकाच्या घरी ते बसलं आणि बायकांनी लगेच त्याचं 'चोंबडी' असं बारसं करून टाकलं. दुसरं नाव शोभलंच नसतं. माणूस काय खातो, झोपतो का नुसता लोळतो, कुणात उठतो-बसतो, हे सगळं ते बोटभर यंत्र मैल्यातल्या जंतूंवरून ओळखायचं आणि केंद्राला जाऊन सांगायचं. शेजारीण निदान दाराला कान लावून ऐकते. ही थेट पोटातच शिरलेली.

नसीम मुजावर केंद्राची डॉक्टर. चाळिशी ओलांडलेली, जंतूंचं मोठं शिक्षण घेऊन गावात परत आलेली. तिची दादी दवाखान्यात होती तेव्हा पोरवयात ती आक्कांच्या खानावळीत जेवली होती. त्यामुळं आक्का तिला मान द्यायच्या, पण भीक घालायच्या नाहीत.

भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून विलास दिसत होता. आक्कांचा एकुलता एक. त्याच्या पाठीमागं पांढरी भिंत आणि समोर तयार जेवणाची डबी. आताशा सगळ्यांचंच जेवण तसं यायचं. ज्याच्या त्याच्या रक्ताप्रमाणं मोजून-मापून, ज्याची त्याची डबी वेगळी. घरात चार माणसं असली तर चार वेळेला चार झाकणं उघडायची.

"डॉक्टर, तुम्ही स्पष्ट सांगा तिला," विलास म्हणाला. "मी सांगितलं की मला शिव्या बसतात."

नसीमनं खुर्ची ओढली. "आक्का, पोटात एक गाव असतं. कोट्यवधी जंतू राहतात तिथं. चांगले, कामाचे. ते आपलं अन्न मुरवतात आणि त्याच्या बदल्यात अंगाला औषधं करून देतात. सांध्यांची सूज उतरवणारी, हाताच्या पकडीला जोर देणारी. पोटापासून मेंदूपर्यंत एक मोठी नस जाते, तिच्यावरून वर निरोप पाठवतात, की बाई, खाली सगळं ठीक आहे, तू निवांत रहा."

"मग ठीकच हाय की."

"ऐका तर. हे गाव एकट्यानं वसत नाही. लहानपणी आईकडून वस्ती येते, पुढं माणसांकडून येत राहते. ज्यांच्याबरोबर आपण जेवतो, ज्यांच्या हातचं खातो, त्यांचे जंतू आपल्यात येऊन राहतात. म्हातारपणी माणूस एकटा पडला की नवी वस्ती यायची बंद होते आणि जुनी उठायला लागते. मग सूज चढते, पकड सुटते, नावं आठवत नाहीत. नावं आठवत नाहीत म्हणून माणूस लाजतो, चार माणसांत जायचं टाळतो. टाळलं की गाव आणखी ओस. शरीर, मन आणि माणसं, ही तीन वेगळी दुखणी नाहीत आक्का. एकच रहाट आहे. एक चाक फिरलं की दुसरी फिरतात."

गेल्या महिन्यात दुधाचं पातेलं आक्कांच्या हातातून सुटलं होतं. त्याआधी एकदा लिफ्टमध्ये रोजच्या माणसाचं नाव आठवेना, तेव्हा त्यांनी फोन आल्याचं सोंग केलं होतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यांना वाटत होतं, की ठाऊक नाही.

"तुमचं गाव ओस पडत चाललंय, यंत्राचा आकडा सारखा खाली येतोय," नसीम म्हणाली.

"दिवाळीपर्यंत बघतो मी," विलास म्हणाला. "आकडा वर आला तर रहा मिरजेत. नाही आला तर गाडी घेऊन येतो. पेट्या भरून ठेवायच्या आणि मुकाट माझ्याबरोबर यायचं. तू तिथं एकटी पडून राहिलीस आणि मला चोंबडीनं कळवलं, असं नको व्हायला."

"एकटी? अरे, सकाळपासनं तेरा घरी..."

पडदा विझला. विलासची मीटिंग होती.

आता बायनाक्कांबद्दल खरं सांगायचं तर बाई एकट्या दिसायच्या नाहीतच. नववा मजला त्यांचा, पण पाय खालच्या आठ मजल्यांवर. कुणाची सून बाळंत झाली की आक्कांचा डिंकाचा लाडू. कुणाला ताप आला की आक्कांची मऊ खिचडी, वर साजूक तूप आणि शेजारी बसून, "गीळ, नाटकं करू नकोस." पोरांना त्या स्वतःच्या हातानं भरवायच्या. डबीतलं मोजकं खाऊन कंटाळलेली माणसं आक्कांचा वास आला की दार किलकिलं करायची.

भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत अजून मोडली नव्हती. आक्कांची भांडी भरून परत यायची. कुणी शिरा घाली, कुणी वरणफळं. आक्का "अगं कशाला" म्हणत घ्यायच्या, झाकण उघडून एकदा वास घ्यायच्या, नाक उडवायच्या आणि सगळं जसंच्या तसं खाली वॉचमनकडं पाठवायच्या.

कारण दुसऱ्याच्या हातचं बायनाक्का खात नसत.

ही सोवळ्या-ओवळ्याची भानगड नव्हती. धंद्याची होती. लग्न होऊन त्या खानावळीत आल्या त्या दिवशी सासूनं चुलीपुढं बसवून सांगितलं होतं, "जिला जेवण विकायचं, तिनं दुसऱ्याच्या दारात पानावर बसायचं न्हाई. गिऱ्हाइकानं बघितलं तर म्हणंल, हिचं हिलाच गोड लागत न्हाई." आक्कांनी ते असं पाळलं की लग्नाकार्यातही त्या पंगतीला बसल्या नाहीत. वाढायला पुढं आणि जेवायला घरी. घरीसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभ्यानं, तव्यावरचा उरलेला तुकडा. खानावळ बंद होऊन कैक वर्षं झाली. रीत चालूच होती.

आक्कांनी त्या रात्री विचार केला नाही, त्या झोपल्या. विचार त्यांनी सकाळी केला, दूध तापवताना. आणि त्यांना युक्ती सुचली.

जंतूच हवेत ना चोंबडीला? माणसांचे? मग माणसं कशाला पाहिजेत? घरोघरचं विरजण आणायचं. दही म्हणजे तरी काय, जंतूच. ज्या घराचं विरजण त्या घराचे जंतू. सगळ्या घरांचं एकाच दुधात घालायचं, आणि वाटी वाटी खायचं. सगळी इमारत पोटात, आणि कुणाच्या पानावर बसायची गरज नाही. विरजण म्हणजे काही जेवण नव्हे. ते मागितल्यानं खोतांच्या सुनेचं काही खाली पडत नव्हतं.

तरी पहिल्या दारात जीभ अडखळली. "माझ्या दह्याला तार सुटलीया," आक्का म्हणाल्या. आयुष्यात त्यांच्या दह्याला कधी तार सुटली नव्हती. हे वाक्य बोलताना त्यांना जितकं लागलं तितकं चोंबडीचा आकडा ऐकून लागलं नव्हतं.

पण इमारतीत गंमत झाली. बायनाक्का मागायला आल्या, ही बातमी जिन्यानं धावत सुटली. ज्यांच्या घरी दही लागत नव्हतं त्यांनी शेजारून आणून दिलं. तिसऱ्या मजल्यावरचे माळी गुरुजी एकटेच राहायचे. ते पळत दुकानात गेले, पाकिटातलं दही आणलं आणि आपल्या वाटीत काढून घरचं म्हणून दिलं. आक्कांनी वासावरनं ओळखलं, पण म्हाताऱ्याचं तोंड असं फुललं होतं की त्या पहिल्यांदा गप्प बसल्या.

चौथ्या मजल्यावरचं एक दार मात्र त्यांनी टाळलं.

ते दार आपणहून उघडलं. "काय गं खोतीण, माझ्या घरचं चालत न्हाई काय तुला?"

गंगव्वा हिरेमठ. दवाखान्याच्या रस्त्याला आक्कांच्या खानावळीसमोर हिची खानावळ. कर्नाटकातल्या पेशंटांना ज्वारीची कडक भाकरी आणि भरली वांगी घालणारी. जवळजवळ तीस वर्षं दोघींनी रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकींच्या अन्नाला नावं ठेवली होती. आणि नशिबानं दोघी एकाच संकुलात येऊन पडल्या होत्या.

"तुझ्या दह्यात म्हस पोहून गेल्यागत पाणी असतंय," आक्का म्हणाल्या.

"चाखलंस कधी?"

"वास यायचा की रस्त्यापलीकडनं."

"वास यायचा, आणि तुझी गिऱ्हाइकं पण यायची," गंगव्वा म्हणाली आणि दार लावून घेतलं. दार लावताना तिचा हात कडीवर दोनदा घसरला. आक्कांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

ते सर्वधर्मी दही आक्कांनी डोळे मिटून, काढा प्यावा तसं खाल्लं. सकाळी वाटी, दुपारी वाटी. ओट्याशी उभ्यानं. त्यांना वाटलं, आता विलासचं तोंड बघण्यासारखं होईल.

नसीम आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. "आक्का, काय केलंत तुम्ही? केंद्रातलं यंत्र चक्रावलं. एका आठवड्यात सगळी इमारत तुमच्या पोटात शिरली!"

"मग? आला का आकडा वर?"

"शिरली, आणि दुसऱ्या दारानं निघूनही गेली." तिनं आक्कांचा हात धरला. "दह्यातले जंतू वाटसरू असतात आक्का. येतात, चार गोष्टी करतात, पुढं जातात. मुक्कामाला राहणारे वेगळे. ते माणसाच्या अंगावरनं, हातावरनं, एका भांड्यातल्या घासावरनं येतात, आणि पुन्हा पुन्हा यावे लागतात. शिवाय ते आले तरी पोटानं त्यांना जागा द्यावी लागते. माणूस एकटा धास्तावून खातो ना, तेव्हा अंगात एक रस पाझरतो. जुन्या काळी वाघ मागं लागला की पाझरायचा तोच. त्यानं आतडं आवळतं, वाटा बंद करतं. पाहुणे दाराशी आले आणि आतून कडी. हसत-बोलत, चवीनं, चार माणसांत खाल्लं की कडी निघते."

आक्कांना ते पटलं नाही, पण समजलं. समजलं म्हणूनच राग आला. "म्हणजे चोंबडीला कळतंय मी उभ्यानं खाल्लं ते?"

"जवळजवळ." नसीमनं भिंतीवरचा पडदा चालू केला. "आक्का, आणखी एक दाखवते. हे मी सगळ्यांना दाखवत नाही."

भिंतीवर इमारत उभी राहिली. काळोखात ठिपकेच ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. ठिपक्यांमधून बारीक उजेडाच्या रेघा. जंतूंच्या अंगावर पिढ्यान्पिढ्यांच्या खुणा असतात, त्यावरून कोण कुणाकडून आलं हे यंत्राला कळायचं. रेघ ज्या बाजूला धावे, त्या बाजूला वस्ती गेलेली.

नवव्या मजल्यावरच्या ठिपक्यातून रेघांचा पाऊस पडत होता. वरपासून खालपर्यंत, जवळजवळ प्रत्येक घरात.

"हे तुम्ही," नसीम म्हणाली. "हातानं कालवलेली कोशिंबीर, पोरांना भरवलेले घास, लोणच्यात घातलेला हात. तिसऱ्या मजल्यावर एकांना दोन वर्षांपूर्वी फार उदास वाटायचं, अंथरूण सोडत नव्हते. तुम्ही रोज जाऊन शेजारी बसून त्यांना जेवायला घालत होता. त्यांच्या पोटात आज जे गाव आहे ना, त्यातलं अर्धं तुमचं आहे. आम्ही औषधं देत होतो. उभं तुम्ही केलं."

आक्कांची मान ताठ झाली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदरानं नाक पुसायच्या निमित्तानं टिपलं. "बघ. आणि म्हणे मला माणसं कमी पडतात."

"आता आत येणारी रेघ शोधा."

आक्कांनी शोधली. चष्मा पुसून शोधली. भिंतीजवळ जाऊन शोधली. सगळ्या रेघा बाहेर जात होत्या. आत एकही येत नव्हती.

"तुम्ही सगळ्यांच्या पोटात आहात आक्का," नसीम हळू म्हणाली. "तुमच्या पोटात कुणीच नाही."

आक्कांनी चौथ्या मजल्याकडं बोट केलं. तिथंही एक ठिपका तसाच होता. बाहेर रेघाच रेघा, आत अंधार. आक्कांच्या ठिपक्याहून मंद.

"हे कोण?"

"नाव सांगता येत नाही मला. नियम आहे."

"सांगू नकोस," आक्का म्हणाल्या. "मी काय आंधळी हाय?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला त्यांनी चौथ्या मजल्यावरची बेल वाजवली. हातात काही नव्हतं. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहायची त्यांची पहिलीच वेळ. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

गंगव्वानं दार उघडलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. "दह्याला परत तार सुटली काय?"

"आत येऊ दे आधी."

स्वयंपाकघरात तवा तापला होता. गंगव्वा ओट्याशी उभी होती आणि तव्याशेजारी भाकरीचा तोडलेला अर्धा तुकडा, त्यावर चटणीचा गोळा. ताट नव्हतं. पाट नव्हता. आक्कांना आपलंच स्वयंपाकघर दिसलं.

"उभ्यानं खातीस?"

"तू काय चौरंगावर बसतीस?" गंगव्वा म्हणाली. "माझ्या सासूनं सांगितलं होतं. जेवण विकणाऱ्या बाईनं..."

"...दुसऱ्याच्या दारात पानावर बसायचं न्हाई," आक्कांनी पुरं केलं.

रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सासवा, एकच शिकवण. दोघींनी एकमेकींना दाखवायला म्हणून ती पाळलेली.

गंगव्वानं नवा गोळा परातीत घेतला. एके काळी हिच्या हातात भाकरी चंद्रासारखी वाढायची, रस्त्यापलीकडून टपटप ऐकू यायची आणि आक्कांचा जळफळाट व्हायचा. आता कडेला भेगा पडल्या. उचलताना भाकरी मधोमध तुटली. गंगव्वानं तुकडे गोळा केले आणि परत मळायला घेतले. तिची मान खाली होती.

"पकड गेलीय," ती म्हणाली. "नातू म्हणतोय बेळगावला चल, तिथं म्हाताऱ्यांची चांगली सोय हाय. चोंबडीनं चुगली केली माझी."

"माझी पण." आक्कांनी पदर खोचला. "सर बाजूला. मी थापते, तू भाज. दोघींनी मिळून केलं की ते तुझंही न्हाई आन् माझंही न्हाई. मग दोघींना खायला काय हरकत? सासवांना पण बोलता यायचं न्हाई."

पळवाट झक्कास होती. आक्कांना स्वतःचाच अभिमान वाटला.

गंगव्वानं परात मागं ओढली.

"न्हाई. तीस वर्षं माझ्या वांग्याला शेण म्हणलीस. न चाखता म्हणलीस. आज आलीयास तर माझ्या हातचं खा. एकट्या माझ्या हातचं, तुटलेल्या भाकरीसकट. न्हाईतर लिफ्ट तिकडं हाय."

आक्का वळल्या. खरंच वळल्या. दारापर्यंत गेल्यासुद्धा. खोतांची सून, एवढ्या माणसांची अन्नदाती, हिरेमठणीच्या फरशीवर बसणार? पण दारात त्यांच्या डोळ्यांपुढं तो चौथ्या मजल्यावरचा मंद ठिपका आला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण खाल्लं नाही तर ही बाईसुद्धा आपल्या घरी कधी खाणार नाही. दोघी आपापल्या ओट्याशी उभ्या राहून विझतील, आणि कोण जास्त ताठ उभी राहिली हे बघायला कुणी उरणार नाही.

त्या परत आल्या. भिंत धरून, गुडघ्यांना शिव्या देत, फरशीवर बसल्या.

"वाढ."

गंगव्वानं ताट काढलं, ते पुसलं, परत पुसलं. वांगं वाढलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडून, आणि भाकरीचे दोन तुकडे जोडून ठेवले, अख्खी असल्यासारखे. मग समोर बसली आणि आक्कांच्या तोंडाकडं बघू लागली.

आक्कांनी घास घेतला.

वांगं मऊ होतं पण मोडलेलं नव्हतं. आत तिळाचा, कारळ्याचा आणि चिंचेचा असा काही मेळ होता की तो जिभेवर एकेक करून उलगडत गेला. आक्कांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं जिनं मसाले भाजले तिला फसवता येत नाही. असलं वांगं त्यांना कधी जमलं नव्हतं. आपल्या गिऱ्हाइकांतली निम्मी माणसं रस्ता ओलांडून का जात होती, हे त्यांना आज कळलं, आणि राग यायच्या ऐवजी कुठंतरी आत काहीतरी सैल झालं.

"कसं झालंय?" गंगव्वानं विचारलं. आवाज अगदी नव्या सुनेसारखा.

"तेल जास्त हाय," आक्का म्हणाल्या. मग दुसरा घास घेतला, तिसरा घेतला आणि ताट पुढं केलं. "आणखी एक दे. आन् तू काय मुहूर्त बघतीस? घे तुझं ताट. एकटीनं गिळू काय मी?"

त्यानंतर बायनाक्कांनी जेवायची जी मोहीम काढली तिला तोड नाही. दुपारी गंगव्वा वर, रात्री आक्का खाली. मधल्या वेळी इतर घरं. ज्या ज्या घरी आयुष्यभर वाढलं त्या त्या घरी बसून खायला सुरुवात केली, आणि तोंडही सोडलं. "हे वरण हाय का ओढ्याचं पाणी? हळद कुणी पळवली?" शिव्या खायला लोक रांग लावू लागले. डब्या बंद पडल्या असं नाही, पण दोन-तीन घरं मिळून एका ठिकाणी उघडायला लागली. माळी गुरुजी फोडणी करायला शिकले. पहिल्या दिवशी त्यांची मोहरी करपली आणि आक्का ती करपलेली आमटी वाटीभर प्यायल्या. असलं शौर्य त्यांनी खानावळ चालवतानासुद्धा दाखवलं नव्हतं.

चोंबडीचा आकडा मात्र गोगलगाईसारखा सरकत होता. "पोटातलं गाव हळूहळू वसतं आक्का," नसीम सांगायची. "आयुष्यभराची कडी आहे. आकडा मागून येतो, माणूस आधी बरा होतो." आक्कांना ते कळत होतं. पातेलं आता हातात ठरत होतं. पण विलासला आकडाच दिसत होता. तो थोडा वर आला होता, त्यानं ठरवलेल्या रेघेपर्यंत पोचला नव्हता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन आला. नवव्या मजल्यावर भरलेल्या दोन पेट्या दाराशी उभ्या होत्या. पोरानं बजावलं होतं, बाईनं ते पाळलं होतं. विलासनं ड्रायव्हरकडून त्या खाली गाडीत ठेवून घेतल्या. आईचा मात्र पत्ता नव्हता.

त्यानं शेजारचं दार वाजवलं. "आत्ता इथं चकली खाऊन गेल्या. बसा की, तुम्ही पण घ्या." सातव्या मजल्यावर एका सुनेनं सांगितलं, "आमच्या अनारशाला जाळी पडली नाही म्हणून बोलून गेल्या. दोन खाल्ले मात्र. तुम्ही बघा बरं, खरंच वाईट झालेत का?" तिसऱ्या मजल्यावर माळी गुरुजींनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि चिवडा पुढं केला. "तुझी आई..." ते म्हणाले. आणि त्यांनी चिवड्यात आणखी दाणे घातले.

शेवटी चौथ्या मजल्यावर त्याला आवाज ऐकू आला. आईचा. दार उघडंच होतं.

फरशीवर चार-पाच ताटं मांडली होती. नसीम होती, आजूबाजूच्या दोन बायका होत्या. आणि मधोमध भिंतीला टेकून, मांडी घालून, आई बसली होती. गंगव्वा तिला वाढत होती आणि आई ताटावर हात आडवा धरून म्हणत होती, "बास, बास. अगं मारतीस काय मला? बरं, अर्धी दे."

"आई," विलास म्हणाला. "गाडी खाली उभी आहे."

सगळ्यांचे हात थांबले. आक्कांनी त्याच्याकडं बघितलं आणि सवयीनं उठायला गुडघ्यावर हात टेकला. पोरगा आलाय, त्याला पान वाढायचं.

गंगव्वानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. "बस तू. वाढणारी मी हाय." आणि विलासकडं वळली. "काय रे, बुटं काढ की. आईच्या शेजारी जागा हाय."

विलास बसला. समोर ताट आलं. त्यानं भाकरी मोडली आणि तो शेजारी बघू लागला.

आई घास करत होती. वांग्याचा तुकडा, वर चटणी, बोटांनी नीट दाबून. तोंडात घालून चावताना तिचा डावा गाल फुगत होता, आणि चव आवडली की भुवई किंचित वर जात होती. हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस तो. आईनं किती वेळा वाढलं, किती वेळा रागावून वाढलं, ताटात किती वेळा न विचारता तूप ओतलं. पण त्यानं आईला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. ती कोणत्या बाजूनं चावते हे त्याला माहीत नव्हतं. तिला तिखट आवडतं हेसुद्धा माहीत नव्हतं.

नसीम काहीतरी आकड्याबद्दल सांगायला लागली. विलासनं मानेनं तिला राहू दे म्हटलं. फोन काढला आणि खाली ड्रायव्हरला लावला.

"पेट्या परत वर नेऊन ठेव," तो म्हणाला. "आणि चौथ्या मजल्यावर ये. जेवायला."

तो पुन्हा आईकडं बघत बसला.

"काय बघतोस माझ्या तोंडाकडं?" बायनाक्का म्हणाल्या. "जेव. गार व्हायला लागलंय."